शाकारणे आणि हमी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की वरळी कोळीवाड्यात एक क्रियापद पुन्हा पुन्हा कानावर पडू लागते : शाकारणे. शहरी मराठीतून ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. गवताची आणि कौलांची छपरे गेली, आणि पावसाआधी घर शाकारण्याचा प्रसंगही त्यांच्याबरोबर गेला. आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द एखाद्या जुन्या ग्रामीण कथेत भेटतो आणि तिथे तो समजावून सांगावा लागतो. कोळीवाड्यात मात्र तो अजून कामाचा शब्द आहे. तेथे होड्या शाकारल्या जातात.

पश्चिम किनाऱ्यावर गेली काही वर्षे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळासाठी होडी किनाऱ्यावर ओढायची, इंजिन उतरवायचे, जाळी आणि बोये घरात न्यायचे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, अंग गोड्या पाण्याने धुवायचे, खाली ओंडके देऊन ती जमिनीपासून उचलून धरायची आणि मग ताडपत्री घालून दोऱ्यांनी बांधायची. हे सगळे मिळून शाकारणे होते. शब्दकोशातला अर्थ केवळ आच्छादण्याचा. पण येथे त्या एका क्रियापदात साफसफाई, दुरुस्ती, राखण आणि नारळी पौर्णिमेपर्यंतचे थांबणे एवढे सारे मावते.

या होड्यांच्या रांगेच्या टोकाला गेली तीन वर्षे आमचीही एक होडी असते. तिला होडी म्हणताना कोळीवाड्यातील माणसे थोडे हसतात. नारिंगी रंगाची, तीन मीटर लांबीची, वर बसून वल्हवायची प्लास्टिकची कयाक. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक परळला राहतो, एक दादरला, आणि दोघांच्याही इमारतींत तीन मीटरची वस्तू जिन्याच्या वळणातून वर जात नाही. थंडीच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, अंगावर लाइफ जॅकेट चढवून किनारा न सोडता तासभर वल्हवायचे, एवढाच आमचा छंद. कयाकला जागा दिली ती आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घराने. जागा नेमकी कोणती द्यायची हे त्याच्या आईने ठरवले. त्यांना आम्हीही आता मावशीच म्हणतो.

ही कयाक कशी ठेवावी, आणि तिच्या बुडाला चीर गेली तेव्हा कंपनीच्या हमीचा कागद कसा वाचावा, या दोन प्रश्नांभोवती हा लेख आहे. प्रश्न वरवर पाहता छांदिष्टांचे आहेत. पण त्यांचा माग काढताना आम्ही जिथे पोहोचलो ती जागा केवळ छंदाची नव्हती.

कयाक ही वस्तू मुळात उत्तर ध्रुवालगतच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा व्हेलच्या हाडांचा सांगाडा, आणि त्यावर सीलचे कातडे. कातडे शिवण्याचे काम स्त्रियांचे. पाण्यात फार वेळ राहिले की कातडे भिजून जड होई, म्हणून होडी वेळोवेळी बाहेर काढून वाळवावी लागे, तेल चोळावे लागे, आणि कातडे जुने झाले की सांगाडा तोच ठेवून नवे शिवावे लागे. म्हणजे शाकारण्याचा धर्म कयाकलाही जन्मापासूनचाच. तो तुटला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्लास्टिक आल्यावर.

प्लास्टिकची कयाक ज्या रीतीने घडते ती मुंबईकराला अपरिचित नाही, फक्त ओळख करून दिलेली नसते. पॉलिएथिलीनची भुकटी ठरावीक वजनाने पोकळ धातूच्या साच्यात भरतात; तो साचा भट्टीत दोन अक्षांभोवती सावकाश फिरवतात; भुकटी वितळते आणि साच्याच्या आतल्या अंगाला सगळीकडे थर धरते; मग साचा थंड करून उघडतात. आत एक अखंड, बिनसांध्याचे कवच तयार असते. आपल्या इमारतींच्या गच्चीवरची पाण्याची टाकी अशीच घडते. गुजरातमधील कलोल येथून १९७५ साली सिंटेक्सच्या टाक्या बाजारात आल्या आणि पुढे त्या नावाचे सामान्यनामच झाले. अमेरिकेत याच रीतीच्या कयाक सत्तरच्या दशकातच रूढ होऊ लागल्या. गच्चीवरची टाकी आणि पाण्यावरची कयाक ही एका कुळातली भावंडे आहेत.

दोघींत एक फरक आहे आणि साठवणीची निम्मी विद्या त्या फरकात आहे. टाकी बहुधा काळी असते. तो काळा रंग शोभेचा नसतो. काजळीची बारीक भुकटी उन्हातील अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि प्लास्टिकला वाचवते. कयाक मात्र दुरून दिसावी म्हणून नारिंगी, पिवळी, लाल असते. त्या रंगांना तेवढे संरक्षण देता येत नाही. उत्पादक ऊन सोसणारी रसायने घालतात, पण ती हळूहळू खर्ची पडतात. प्लास्टिक आधी फिकट होते, मग खडूसारखे पांढुरके, मग ठिसूळ. गच्चीवर टाकी वर्षानुवर्षे टिकते म्हणून तिच्याशेजारी कयाकही टिकेल, हे अनुमान म्हणून चालत नाही.

दुसरा शत्रू वजन. आणि तेही स्वतःचेच. पॉलिएथिलीन सुमारे १२५ अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. मेच्या उन्हात तापलेली कयाक दोन बारीक लोखंडी नळ्यांवर महिनाभर ठेवली तर ती त्या नळ्यांवर सावकाश बसत जाते. रोज पाहणाऱ्याला काही दिसत नाही. महिन्याने बुडाला दोन खोल चर पडलेले असतात. पहिल्या वर्षी आम्ही ती इतर होड्यांसारखी ओंडक्यांवर सरळ ठेवावी का, असे विचारले तेव्हा मावशींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लाकडाची होडी ओंडक्यावर राहते, तिला हाडं हायत. हिला हाडच नाय." पुढे कयाक-उत्पादकांच्या सूचनापत्रिका वाचल्या तेव्हा तेथेही हेच सांगितलेले आढळले, फक्त लांबलचक वाक्यांत. लाकडी होडीला आतून फासळ्यांचा आधार असतो, भार त्यांच्यावर जातो. कयाक म्हणजे नुसते कवच. जिथे टेकेल तिथेच सोसेल.

म्हणून ती उपडी किंवा कुशीवर ठेवायची. खाली रुंद, मऊ आधार द्यायचे, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीच्या अंतरावर. टांगायची असेल तर रुंद पट्ट्यांत. पुढच्या-मागच्या मुठींना दोर बांधून कधीच नाही, कारण मग सगळे वजन मधोमध लोंबकळते. आमच्या विद्यार्थ्याने टायरच्या जुन्या ट्यूब कापून दोन रुंद झोळ्या केल्या आणि पडवीच्या वाशांना बांधल्या. पोकळ अंगाचे बूच उघडे ठेवायचे, कारण बंद कवचातील हवा उन्हाने फुगते. बांधायचे दोर सैल. तापल्यावर प्लास्टिक पुष्कळ प्रसरण पावते आणि आवळलेला दोर त्यात रुततो. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवायची. मीठ प्लास्टिकला काही करत नाही, पण स्क्रू, आसनाच्या कड्या आणि सुकाणूच्या तारा खाते. ताडपत्री घालायची ती अंगाला चिकटवून नव्हे. मध्ये वारा खेळला पाहिजे. आणि आत बसायच्या प्रकारची कयाक असेल तर तोंड वर करून उघड्यावर ठेवणे म्हणजे तिला हौद करणे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे मुंबईला नवे नाही. अर्ध्या चौरस मीटरच्या तोंडातून तेवढ्या पावसात ५० लिटर, म्हणजे ५० किलो पाणी आत जाते. ते वजन पुन्हा त्या बिनहाडाच्या बुडावरच.

एका बाबतीत कोळीवाड्याची जुनी समज आणि प्लास्टिकची गरज यांची दिशा उलट आहे. लाकडी होडी फार वाळली तर फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. म्हणून तिला थोडी ओल हवी असते, आणि पाण्यात सोडण्याआधी तिच्यावर पाणी मारून ती फुगवावी लागते. पूर्वी तिच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल देत. अंगाला मुशीचे तेल चोळत. प्लास्टिकला यातले काहीच लागत नाही. त्याला हवी असते सावली. ती फुकट मिळते असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पण मुंबईत सावली म्हणजे छप्पर, आणि छप्पर म्हणजे जागा.

सावली होती, झोळ्या होत्या. तरी जानेवारी २०२५ मध्ये कयाकच्या बुडाला चीर दिसली. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी निथळून जावे म्हणून वरपासून खालपर्यंत आरपार भोके असतात. ही भोके साच्यातील अवघड जागा. तेथे वितळलेली भुकटी सारखी पसरली नाही तर भिंत पातळ राहते. चीर अशाच एका भोकाच्या कडेपासून निघालेली, सुमारे चार बोटे लांब. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंची भोके अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, "सर, ही बाजू जास्त दबते. इथे माल कमी पडलाय." कंपनीच्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर वेगळे निदान केले : या भोकांत खुंट्या घालून कयाक ओढायची दोनचाकी गाडी मिळते, ती वापरल्याने अशी चीर जाते, सबब हा वापरातील दोष. तशी गाडी आमच्याकडे नव्हती आणि नाही. पण नसलेली गाडी नव्हती हे सिद्ध कसे करायचे?

तेव्हा आम्ही हमीचा कागद काढला आणि तो आमच्या व्यवसायाच्या सवयीने, एक संहिता म्हणून वाचला. शीर्षक होते 'लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी'. म्हणजे मर्यादित आजीवन हमी. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? आमचे नव्हे, आत कलम होते की वस्तूचे 'अपेक्षित उपयुक्त आयुष्य', आणि ते किती हे ठरवणार कंपनी. हमी कोणाला? 'मूळ खरेदीदाराला'. पावती आमच्यापैकी एकाच्या नावे असल्याने, निम्मे पैसे भरलेला दुसरा या कागदाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. हमी कशाची? 'साहित्य आणि घडणीतील दोषांची'. आणि कशाची नाही याची यादी लांब होती : सामान्य झीज, रंग फिकटणे, खडकावर आपटणे, वाहतुकीतील इजा, स्वतः केलेली दुरुस्ती, व्यावसायिक वापर, आणि 'अयोग्य साठवण'. योग्य साठवण म्हणजे काय, हे मात्र एका ओळीत होते : थंड, कोरड्या, सावलीच्या, हवेशीर जागी.

'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे मुळात एकच शब्द आहेत. एकाच जर्मानिक धातूपासून निघून फ्रान्सच्या दोन बोलींतून इंग्रजीत आलेले. मूळ अर्थ राखण करण्याच्या जवळचा. मराठीत दोन्हींसाठी आपण 'हमी' हा एकच शब्द वापरतो. फारसी वळणाच्या या शब्दाभोवती महाराष्ट्रात एक वेगळाच संदर्भ साचला आहे. १९७७ सालच्या कायद्याने रोजगाराची हमी दिली, शेतकरी हमीभाव मागतो. 'हमी' म्हटले की मराठी कानाला कोणीतरी मागे उभे असल्याचा भास होतो. वॉरंटीच्या कागदात मागे कोणी उभे नसते. तेथे एका ठरावीक प्रकारच्या दोषाची जबाबदारी एका ठरावीक माणसापुरती घेतलेली असते आणि बाकीची सारी झटकलेली असते. त्यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो करार आहे आणि करार असाच लिहितात. पण शब्द मात्र राखणीचा वापरलेला असतो.

तरीही कागद हाती असला तर तो नीट चालवावा, या मताचे आम्ही आहोत. म्हणून येथे अनुभवातील चार गोष्टी नोंदवतो. वस्तू घरी येते तेव्हा वेष्टण सोडून ती पाहावी आणि इजा असल्यास वाहतुकीच्या पोचपावतीवर लिहूनच सही करावी. नंतरची तक्रार वाहतूकवाला आणि कंपनी यांच्यात टोलवली जाते. मागच्या टोकाला कोरलेला अनुक्रमांक आणि पावती यांची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून ठेवावीत. दरवर्षी साठवताना, ती कशी व कुठे ठेवली आहे याचे तारखेसह एक छायाचित्र घ्यावे. आमची झोळ्यांवरची छायाचित्रे होती म्हणूनच 'अयोग्य साठवण' हे कलम आमच्यावर लागू शकले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : चीर दिसली तरी तिला हात लावू नये. दुरुस्ती केली की हमी संपते. आधी पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र, मग लेखी तक्रार, आणि उत्तर लेखी मागावे. दूरध्वनीवरच्या निदानाला तारीख नसते.

कायदाही कंपनीच्या कागदाहून मोठा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याजागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकतो, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. आणि दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. भिंतीची जाडी मोजणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, दूरध्वनीवरील अनुमानाचे नव्हे, हे वाक्य आम्ही आमच्या पत्रात घातले.

या पत्रव्यवहाराच्या काळात विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला आणि प्रकरणाचे वजन बदलले. मासळी कमी झाली आहे, डिझेल महाग आहे. तेव्हा अशा चार कयाक घेऊन हौशी लोकांना किनाऱ्यालगत फिरवावे, असे त्याच्या मनात होते. "सर, पण व्यावसायिक वापराला वॉरंटी नाही म्हणतात. मग मला नाहीच ना?" आमची कयाक फुटली तर आमची एक सकाळ बुडते. त्याची फुटली तर हप्ता बुडणार. म्हणजे हमीची गरज ज्याला जास्त, त्यालाच ती नाकारणारा हा कागद. कंपनीच्या हमीपुरते त्याचे म्हणणे खरे होते. कायद्यात मात्र एक स्पष्टीकरण आहे, १९९३ च्या दुरुस्तीपासून चालत आलेले आणि २०१९ च्या कायद्यातही राखलेले : केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी प्रयोजना'साठी घेतली असे मानले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा अर्थ उलगडून सांगितला आहे. तेथे स्वतःची रिक्षा स्वतः चालवणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. स्वतःची होडी स्वतः वल्हवणारा कोळी त्याहून वेगळा नाही, असे आम्हाला वाटते. चार होड्या आणि पगारी माणसे झाली की मात्र उत्तर इतके सरळ राहत नाही, हेही त्याला सांगितले. त्याने दोनपासून सुरुवात करायचे ठरवले आहे.

कंपनीचे उत्तर अखेर आले. कयाक स्वखर्चाने कारखान्यात पाठवावी, तपासणीनंतर निर्णय होईल. किंवा दोषाचा वाद बाजूला ठेवून नवी कयाक सवलतीच्या दराने घ्यावी. तीन मीटरच्या पोकळ वस्तूचे जाण्यायेण्याचे भाडे वजनावर नव्हे, तिने अडवलेल्या जागेवर लागते. हिशेब केला आणि आम्ही दोन्ही पर्याय सोडले. आता दुरुस्तीला हात मोकळा होता.

येथे प्लास्टिकचा खरा स्वभाव कळला. लाकडाची होडी फुटली तर वाड्यात सुतार मिळे. फायबरची फुटली तर मॅट आणि रेझिनचे काम करणारा माणूस आजही बंदरावर मिळतो. थर चढवतो, वाळवतो, घासतो, होडी पुन्हा पाण्यात. पॉलिएथिलीनला मात्र काही चिकटतच नाही. नेहमीचा इपॉक्सी वाळतो आणि चार दिवसांनी खपलीसारखा निघून येतो. मोटारींच्या बंपरला वेल्डिंग करणारा एक कारागीर मिळाला, पण बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्याच्याकडची कांडी तीच. पॉलिएथिलीनशी ती एकजीव होत नाही. कांडी त्याच जातीची हवी. शिवाय काही कयाक ज्या आडव्या बंधांच्या पॉलिएथिलीनच्या असतात ते पुन्हा धड वितळतही नाही. त्यांना वेल्डिंग जवळजवळ अशक्य. आमची साध्या जातीची होती. फुटलेल्या पाण्याच्या टाकीची एक पट्टी कापून तिची कांडी केली. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. कडा तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केली. आणि गरम हवेच्या पिस्तुलाने कांडी आणि कड एकाच वेळी मऊ करून भरत नेली. नारिंगी बुडावर आता एक काळी शिवण दिसते. भावंडाचे कातडे भावंडाला लावल्यासारखी.

ही दुरुस्ती जमली, पण तिच्यामुळे एक गोष्ट लपू नये. लाकडाकडून फायबरकडे आणि फायबरकडून प्लास्टिककडे येताना होडी हलकी झाली, स्वस्त झाली, देखभाल कमी झाली. आणि दर टप्प्याला दुरुस्ती वाड्यापासून थोडी लांब गेली. हात लांब गेला म्हणून त्याच्या जागी कागद आला. हमीचा कागद ही दुरुस्तीची जागा घेणारी वस्तू आहे, आणि तो कागद वाचायला इंग्रजी लागते, पत्र लिहायला वेळ लागतो, कायदा ठाऊक असावा लागतो. प्रत्येकाला आपल्या होडीमागे दोन प्राध्यापक उभे करता येत नाहीत.

वरळीच्या कोळ्यांनी याच काळात याहून फार मोठ्या प्रमाणावर हाच वाद घातला आहे. २०१८ साली सागरी किनारा रस्त्याचे काम सुरू झाले. वरळीच्या सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये होड्यांच्या वाटेवर ६० मीटरचे अंतर आखले होते. क्लीव्हलँड बंदरातून ये-जा करणाऱ्यांचे म्हणणे होते की वारा आणि लाट एकत्र आली की होडी सरळ रेषेत चालत नाही, खांबावर जाऊन आदळेल. महापालिकेच्या मते अंतर पुरेसे होते. समुद्रात होड्या उभ्या करून काम थांबवण्यापर्यंत वेळ आली. डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचे जाहीर झाले. मच्छिमारांनी त्याहून जास्त मागितले होते. त्या मागणीचे सार आम्हाला असे दिसते : होडी फुटल्यावर काय देणार हे नंतर बोलू, आधी ती फुटणार नाही एवढी जागा ठेवा. शाकारणारा माणूसच असे बोलू शकतो. त्याला ठाऊक असते की बुडाचे रक्षण बुड फुटण्याआधी होते. नंतर होतो तो हिशेब.

आणि जागेचा हा प्रश्न समुद्रात आहे तसाच जमिनीवरही आहे. हमीच्या कागदातील 'थंड, कोरडी, सावलीची, हवेशीर जागा' ही एक ओळ आम्ही अनेकदा वाचली. लिहिणाऱ्यासमोर बहुधा मोटारीचे गॅरेज असलेले घर असावे. मुंबईत त्या ओळीचे भाषांतर करायचे तर ते असे होईल : कोणाची तरी पडवी, कोणाचे तरी वासे, आणि आपल्या वस्तूसाठी स्वतःची जाळी थोडी सरकवून घेणारे कोणीतरी. होड्या ओढायला आणि जाळी वाळवायला मोकळी जमीन आहे तोवरच कोळीवाडा शाकारू शकतो. ती गेली तर नुसत्या ताडपत्र्या उरतील. आमची कयाक गेली तीन वर्षे ज्या तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद सावलीत आहे, तिचे भाडे मावशींनी कधी घेतले नाही. विषय काढला की म्हणतात, "होडीला काय भाडं? ती काय बसून खाते?" कोणत्याही कंपनीच्या कागदात या वाक्याला कलम नाही, पण त्या कागदातील 'योग्य साठवण' ही अट आम्हाला आजवर पाळता आली ती याच वाक्याच्या आधाराने.